तपासलेलं कार्ड

"उखर्डू? तो ते मरी गया," झुलाल म्हणाला, आणि बैलांपुढं कडबा टाकायचं काम त्यानं थांबवलं नाही.

रूपचंद मास्तर हसले. मेलेल्या उखर्डूचं पत्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं आणि ते सोमवारीच आलं होतं. त्यात मास्तरांच्या खोकल्याची चौकशी होती, त्रैराशिकाचं एक गणित सोडवून दाखवलेलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, 'माफीचे दिवस धरून पुढील आठवड्यात बुधवारी सुटका आहे. बाहेर येताच प्रथम मातोश्रींच्या पायांवर डोके ठेवीन व मग आपल्या.' हा क्रम मास्तरांना फार आवडला होता. म्हणूनच ते जळगावाहून सर्व्हिस मोटारीनं पारोळ्याला आणि तिथून पायी लोणपिंप्रीला आले होते. म्हातारीला धुळ्याला न्यायचं, तुरुंगाच्या दरवाजासमोर उभं करायचं आणि आपण जरा बाजूला उभं राहायचं, असा त्यांचा बेत होता.

उखर्डू नावाच्या माणसांचा खानदेशात तोटा नाही. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथं पुढचं मूल जन्मलं की त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवतात आणि तेच नाव देतात, म्हणजे मृत्यूला ते टाकाऊ वाटावं. तेव्हा मेलेला उखर्डू दुसरा कुणी असणार, असं धरून मास्तरांनी खुलासा केला. उखर्डू बारकू. पाटलाचा सालदार. पोळ्याच्या भानगडीत धुळ्याला गेलेला.

"तोच ना," झुलाल म्हणाला. "मना भाऊ. आठ-नऊ वरीस व्हई गयात."

आता मास्तर हसले नाहीत. 'बसा' असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी ते गव्हाणीच्या कडेवर बसले.

या उखर्डूची आणि मास्तरांची ओळख एका ठरावामुळं झाली होती. सन एकोणतीसच्या उन्हाळ्यात जळगावातल्या काही सुशिक्षितांनी एक अक्षरदान मंडळ काढलं. एका वकिलांच्या माडीवर सभा भरली आणि 'प्रत्येक सभासदाने निदान एका कैद्यास पत्राने साक्षर करावे' असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग चिवडा झाला, चहा झाला. दुसऱ्या दिवशी ज्याच्या ध्यानात ठराव राहिला असा सभासद एकच निघाला. मास्तर मराठी शाळेत चौथीला शिकवत. सांगितलेली गोष्ट करायची असते, अशी त्यांची समजूत होती. शाळाखात्यात राहूनही ती टिकली होती.

तुरुंगाच्या साहेबांची परवानगी आली आणि तिच्याबरोबर एक नाव आलं. उखर्डू बारकू, सक्तमजुरी दहा वर्षं. पोळ्याच्या दिवशी वेशीच्या तोरणाखालून आधी कुणाची बैलजोडी जायची यावरून दोन पाटलांत जुंपली होती, आणि उखर्डूनं समोरच्या गड्याच्या डोक्यात जुवाची लाकडी शिवळ घातली होती. तो गडी मेला. दोन्ही पाटील त्या संध्याकाळी आपापल्या घरी पुरणपोळी जेवले.

सुरुवातीला एक लिहिता येणारा कैदी उखर्डूच्या वतीनं लिहायचा आणि मास्तरांचे धडे त्याच्याकडून गिरवून घ्यायचा. तीन महिन्यांतून एकच पत्र पाठवायची मुभा होती. त्यामुळं उखर्डू एकेक अक्षर शेतात पेरल्यासारखं जपून टाकायचा. 'क' पासून जोडाक्षरांपर्यंत यायला त्याला फार वेळ लागला नाही. आपल्या चौथीपेक्षा पुष्कळच कमी लागला, हे मास्तरांनी मनात नोंदवलं आणि शाळेत बोलून दाखवलं नाही.

धडा तपासण्याची मास्तरांची एक रीत होती. पोरं एकच पान दोनदा दाखवून चकवतात म्हणून तपासलेल्या पानाचा वरचा कोपरा ते फाडून टाकत. तपासनीस साहेबांनी शेरेबुकात या युक्तीची तारीफ केली होती. तेव्हापासून तर ती मास्तरांच्या बोटांत इतकी भिनली की वाणसामानाची यादी वाचून झाली तरी तिचा कोपरा जायचा. उखर्डूची पहिली पानं अशीच फाटक्या कोपऱ्यानिशी परत गेली. तिकडून घाईनं सवाल आला, 'आमचेकडे कोण वारले?' मयताची खबर द्यायच्या कागदाचा कोपरा फाडतात, हे मुलूखभर लहान पोरालाही ठाऊक. मास्तरांनी हा किस्सा शाळेत सर्वांना सांगितला, सगळे पोटभर हसले, आणि मास्तरांनी उखर्डूला कळवलं की इथं कोपरा फाटला म्हणजे पास.

पुढं धडे संपले, पण पत्रं संपली नाहीत. उखर्डू असे प्रश्न विचारी की जे मास्तरांना आयुष्यात कुणी विचारले नव्हते. 'बैल मालकाचे, मान मालकाचा, मग शिवळ मी का उचलली?' या प्रश्नाला मास्तरांनी चार पानी उत्तर लिहिलं. ते उत्तम मराठीत होतं आणि त्यात उत्तर नव्हतं. मास्तरांची हेडमास्तरकी डावलली गेली, तेव्हा जळगावातल्या स्नेह्यांनी 'होतं ते बऱ्यासाठी' वगैरे सांगितलं. उखर्डूनं लिहिलं, 'आपणांस न नेमणाऱ्यास बेरीज येत नसावी.' ते पत्र मास्तर पंधरा दिवस खिशात घालून हिंडले. मूलबाळ नसलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाला जिवाभावाचा म्हणावा असा एकच मित्र होता, आणि त्याचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

आता त्या मित्राचा भाऊ म्हणत होता की तो मेला.

कुणी सांगितलं, असं मास्तरांनी विचारलं.

"कार्ड उनं व्हतं," झुलाल म्हणाला. "कोपरा फाडेल."

गव्हाणीत बैल कडबा मोडत होता. त्याचा आवाज मास्तरांना बराच वेळ ऐकू आला, आणि दुसरं काही आलं नाही. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात वर करून पाहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटलं होतं, चिमूट धरल्यासारखं.

ते कार्ड त्यांना आठवलं. विसरण्यासारखं ते नव्हतंच. उखर्डूनं कुणाच्याही मदतीवाचून लिहिलेलं ते पहिलं पत्र, आणि ते आईला होतं. कोरं कार्ड मास्तरांनीच पाठवलं होतं. धड्याच्या पानांबरोबर ते तपासायला परत आलं. मास्तरांनी आधी पानं तपासली, मग कार्ड. कार्डात एकही चूक नव्हती. बायकोला, इंदिराबाईंना, बोलावून त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, चपला घातल्या, स्वतः जाऊन पेटीत टाकलं आणि येताना पेढे आणले. कोपरा कधी फाडला ते त्यांना आठवेना. श्वास कधी घेतला ते तरी कुणाला आठवतं?

पण ते कार्ड वाचलं कुणी?

वाचलं होतं चुडामण वाण्यानं. गावात लिहिता-वाचता येणारा तेव्हा तो एकटाच होता, आणि आताही बहुधा तोच असावा. मास्तर झुलालला घेऊन त्याच्या दुकानी गेले. चुडामण गुळाच्या ढेपेवरच्या माश्या वारत होता. जुनी गोष्ट निघाल्यावर त्यानं आठवणीला जराही ताण दिला नाही. असल्या कामात आपला हातखंडा आहे, असा त्याचा एकंदर चेहरा होता.

"कोपरा फाडेल कार्ड कोनी वाचस का, मास्तर?" तो म्हणाला. "खाले पाह्यं, उखर्डूनं नाव. आखो काय वाचानं ऱ्हास त्याम्हा?"

अशा कागदात बातमी एकच असते. बाकीचा मजकूर रडारडीचा. तो म्हातारीसमोर वाचून तिला आणखी कशाला छळायचं? नाव पाहिलं, सांगितलं, आणि असला कागद घरात ठेवत नाहीत म्हणून चुडामणनं तो तिथंच फाडून नाल्यात सोडला. वाचायची मजुरीही घेतली नाही, हे त्यानं विचारल्याशिवाय सांगितलं.

मास्तरांनी घसा साफ केला. कार्ड उखर्डूनं स्वतः लिहिलं होतं, नाव खाली होतं ते लिहिणाऱ्याचं होतं, आणि उखर्डू जिवंत आहे, बुधवारी सुटतो आहे, असं त्यांनी एकेक वाक्य वेगळं करून सांगितलं. चौथीला सांगतात तसं.

चुडामणचा माश्या वारणारा हात थांबला.

"उखर्डूले लिहिता येस?" तो म्हणाला.

तो जिवंत आहे याचा धक्का त्याला नंतर बसला. आधी बसला तो याचा. सालदाराला लिहिता येतं ही गोष्ट त्याच्या डोक्यात त्या दिवशीही आली नव्हती. आली असती तर त्यानं कार्ड वाचलं असतं. उखर्डू लिहायला शिकला म्हणून मेला होता, आणि त्याला शिकवणारा माणूस गुळाच्या ढेपेशेजारी उभा होता.

बाकीचं झुलालनं दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. सांगताना तो मास्तरांकडं बघत नव्हता. दहावं केलं, तेरावं केलं, सगळा गाव जेवू घातला. त्याचं कर्ज दोन वर्षं फेडत होता. नंतर कधीमधी आणखी कार्डं यायची. माणूस मेल्यावर सरकारचं आणखी काय मागणं असेल या भीतीनं ती न वाचताच चुलीत गेली. उखर्डूची बायको मंजुळा तरणी होती. वर्ष सरलं आणि तिच्या बापानं तिचा पाट लावून दिला.

"दोन पोऱ्या शेतस तिले आते," झुलाल म्हणाला.

मास्तरांनी म्हातारीचं विचारलं. विचारताना त्यांना उत्तर कळलं होतं.

"माय ते तवयच गई. कार्ड उनं त्याना दुसरा वरीसले."

पायरीसमोरून एक बाई डोक्यावर गवऱ्यांची पाटी घेऊन गेली. झुलालनं ती लांब जाऊ दिली आणि मग मनातलं बोलला. तो वाईट माणूस नव्हता. भावासाठी तो खरोखर रडला होता, आणि तेच आता त्याच्या अंगाशी आलं होतं.

"आम्ही त्यानं तेरावं करं. बठ्ठा गाव जेवना. आते तो जित्ता उना ते मंजुळानं काय? तिना पोऱ्यासनं काय?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मास्तर, इकडे येऊ नको म्हनीसन सांगी द्या ना त्याले. तुमनं ऐकस तो."

मास्तर पायरीवरून उतरले. पारोळ्याची वाट धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण पाणीसुद्धा प्यायलो नाही, आणि आपल्याला ते कुणी विचारलंही नाही.

घरी इंदिराबाई तूर निवडत होत्या. मास्तरांनी कोट न काढताच सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कोपरा तुम्ही फाडलात?"

"मी नाही. हातानं फाडला."

"हात कुणाचा?"

मास्तरांनी कोट काढून खुंटीला अडकवला. इंदिराबाई म्हणाल्या, "अहो, म्हातारी जाऊन इतकी वर्षं झाली. मग दर पत्रात 'मातोश्रींचे आशीर्वाद आहेत' म्हणून लिहीत होतात, ते आशीर्वाद कुणाचे?"

हा प्रश्न मास्तरांना लोणपिंप्रीहून परतताना स्वतःलाही सुचला होता. पण बाहेरून ऐकताना तो फार मोठा वाटला. पत्राची म्हणून एक तऱ्हा असते. वर 'इकडील सर्व क्षेम' लिहायचं, खाली आशीर्वाद आणि नमस्कार. ते लिहायला क्षेम पाहून यावं लागत नाही. उखर्डू लिहायचा, 'मातोश्रींचे कळून समाधान झाले.' त्याला वाटायचं, मास्तर जातात, बघतात आणि लिहितात. मास्तर एकदाही गेले नव्हते. पाठवलेल्या कार्डांना उत्तर यायचं नाही याचंही त्यांना नवल वाटलं नव्हतं. अडाणी माणसं उत्तर कसं पाठवणार? पारोळ्याची मोटार रोज सकाळी त्यांच्या शाळेवरूनच जात होती.

त्यांनी दौत पुढं ओढली. बुधवारच्या आत पत्र पोचेल. दरवाजातून बाहेर पडायच्या आधीच त्याला कळलेलं बरं. रडायचं ते आत रडेल. आपल्याला त्याच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही, हे कारण त्यांनी स्वतःला सांगितलं नाही. टाक बुडवला आणि सवयीनं लिहिलं, 'इकडील सर्व क्षेम.'

ते चार शब्दांच्या आतच थांबले. शाई वाळेपर्यंत तसेच बसले. मग टाक पुसून ठेवला आणि बुधवारच्या गाडीची चौकशी करायला स्टेशनावर गेले.

चाळीसगावला गाडी बदलून मास्तर धुळ्याला पोचले, तेव्हा ऊन वर आलं होतं. बगलेत उखर्डूसाठी नवं धोतर होतं. काय बोलायचं ते त्यांनी गाडीत दहादा जुळवलं होतं. 'उखर्डू, तुझ्या बाबतीत माझ्या हातून' इथपर्यंत ते ठीक यायचं आणि पुढं क्रियापद सापडायचं नाही.

लहान दरवाजा उघडला आणि वाकून एक माणूस बाहेर आला. मास्तरांनी मनात कुणी धिप्पाड गडी रंगवला होता. शिवळ उचलणारा. हा बुटका होता, केस पिकलेले, हातात कापडाचं गाठोडं. त्यानं मास्तरांना लगेच ओळखलं. कोपऱ्यात खोकत उभा असलेला दुसरा कुणी तिथं नव्हता. तो पाया पडला आणि म्हणाला, "आपल्या चरणी साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती आता कशी आहे?"

 हा माणूस मास्तरांच्या पत्रांसारखा बोलत होता. दुसरी प्रमाण मराठी त्यानं ऐकलीच नव्हती.

"बरी आहे," मास्तर म्हणाले.

पण पाया पडताना उखर्डूनं पत्रातला क्रम मोडला होता, ते त्याच्या ध्यानात आलं असावं. तो जरा लाजला. मास्तरांच्या खांद्यावरून त्यानं रस्त्याकडं पाहिलं, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. "मातोश्री बैलगाडीने येत असाव्यात," तो म्हणाला. "त्यांना मोटार सोसत नाही."

मास्तरांनी जुळवलेलं सगळं सोडून दिलं. त्यांनी सरळ सांगितलं. कार्ड सांगितलं, कोपरा सांगितला, आणि 'हातानं' असं न म्हणता 'मी' असं म्हटलं. चुडामण वाणी, तेरावं, मंजुळेचा पाट, तिची दोन मुलं, आई. आशीर्वाद आपण मनानेच लिहीत होतो, तेही सांगितलं. झुलालचा निरोपही सांगितला, कारण आता काही राखून ठेवायचं त्यांना धाडस नव्हतं. दरवाजावरचा पहारेकरी जांभई देत होता. एक टांगा आला, कुणी बसत नाही असं पाहून गेला.

उखर्डू ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं मान हलवली, धडा कळल्यासारखी. मग त्याचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं.

"मायनी पाह्यं का मनं अक्षर?" त्यानं विचारलं.

"पाहिलं असेल," मास्तर म्हणाले, आणि लगेच त्यांनी स्वतःला आवरलं. "मला माहीत नाही, उखर्डू. चुडामणनं लगेच फाडलं म्हणाला."

"बरं."

"मी एकदा जायला हवं होतं."

 उखर्डू रागावला असता तरी चाललं असतं. मास्तर त्या तयारीनं आले होते. तो नुसता आपल्या पायांकडं बघत राहिला. तुरुंगातून सुटलेल्या माणसानं पुढं कुठं जायचं असतं, हे त्याला नऊ वर्षं पाठ होतं, आणि ते पान आता कुणी काढून घेतलं होतं. मग त्यानं पांझरा नदी कुठल्या अंगाला आहे असं विचारलं. मास्तरांनी हात केला. तो चालू लागला आणि मास्तर मागून निघाले.

माघ लागला होता, नदीला पाणी बेताचं होतं. काठावर धोबी कपडे आपटत होते. उखर्डूनं गाठोडं एका खडकावर ठेवलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तो पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यातून कमरेपर्यंत गेला, नाक धरून खाली बसला. वर आला, पुन्हा बसला. एक बुडी आईच्या नावाची. दुसरी, ज्याचं तेरावं झालं त्याच्या नावाची, हे मास्तरांना कळलं, आणि त्यांनी बगलेतलं धोतर घट्ट धरलं.

तो काठावर आला, तेव्हा दात वाजत होते. मास्तरांनी धोतर पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही.

"तुमीबी करी ल्या, मास्तर," तो म्हणाला. "तुमले बी सूतक शे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मायाही होती असं म्हणता येणार नाही. असायला हवं ते सांगितल्यासारखा तो आवाज होता. मास्तरांच्या छातीत महिनाभर कफ होता आणि इंदिराबाईंनी निघताना लोकरीचा गळपट्टा बांधून दिला होता. त्यांनी तो सोडला. कोट काढून धोतरासह खडकावर गाठोड्याशेजारी ठेवला. जोडे काढले. मग डोक्यावरची पगडी काढली आणि ती हातात धरून ते इकडं तिकडं बघू लागले. खडकावर जागा उरली नव्हती आणि खाली चिखल होता.

उखर्डूनं हात पुढं केले.

मास्तर पाण्यात उतरले. पहिल्याच पावलाला त्यांचा श्वास अडकला, तरी ते पुढं गेले. काठावर उखर्डू थंडीनं कापत उभा होता. धारा गळणाऱ्या अंगाला लागू नये म्हणून मास्तरांची पगडी त्यानं दोन्ही हात लांब करून धरली होती.